पन्नास माश्यांची पेटी

आमच्या घरात कोंबडं कधी शिजलं नाही. माय माळकरी, तिची माय माळकरी. वाटेत अंड्याचं टरफल दिसलं तरी माय पदर सावरून लांबून जायची. अशा घरात कोंबड्याच्या मानेची पिसं पत्र्याचे डबे भरभरून आली आणि तीन वर्षं येत राहिली. ती कशी आली आणि त्यातून माझ्या मोठ्या बहिणीचं काय झालं, एवढंच मला इथं लिहायचं आहे. ते वाचून कोणाला बरं वाटणार नाही. मलाही लिहिताना वाटत नाही.

आमचा मळा बाळापूरच्या बाहेर, नदीच्या अंगाला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक आणि दसरा-दिवाळीच्या बेतानं झेंडू. बाबा पहाटेच्या एसटीच्या टपावर पोती चढवून अकोल्याच्या बाजारात जायचे. घरात सगळ्यांचे हात मातीत, एका कमलअक्काचे सोडून. अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. लहानपणी तापात तिचा डावा पाय वाळला, तो तसाच राहिला. गुडघ्यावर हात दाबून ती चालायची. निंदायला बसली तर उठता येत नसे, म्हणून मायनं तिला सुई-दोरा दिला आणि हार गुंफायला बसवलं. दिवसभर गोठ्याच्या ओट्यावर ती बसलेली, बाजूला झेंडूचा ढीग, मागं गाय रवंथ करते आहे, आणि अक्काचा दोरा सुईतून सुर्र सुर्र जातो आहे. तो आवाज मला अजून येतो. तिच्या हारात एक फूल मागं नाही, एक पुढं नाही. दोन हार शेजारी ठेवले तर कोणता कोणता ते तिलाही सांगता येत नसे. पण हे कौतुक कोणी केलं नाही. लंगड्या पोरीला काहीतरी काम पाहिजे, एवढाच हिशोब होता. पाहुणे आले की माय तिला आत बसवायची.

त्या हारांमुळेच मेरीबाई आमच्या घरी आली. ही अमरावतीची खिस्ती बाई, नवरा नसलेली, पन्नाशीची, पायात काळे बूट. अकोल्यात एका शेठच्या गोदामात ती कामाला होती. शेठ परदेशात माल पाठवायचा, आणि त्या मालात मासे धरायचे खोटे किडे असत. बारीक गळावर पिसं आणि लोकर दोऱ्यानं गुंडाळून माशीसारखी माशी करायची, ती पाण्यावर टाकली की मासा खरी समजून तोंड मारतो. मेरीबाईनं बाजारात बाबांच्या दुकानावरून एक हार घेतला, सहज उलटा केला, गाठ पाहिली आणि विचारलं, हे कोणी बांधलं? पुढच्या सोमवारी ती आमच्या ओट्यावर हजर.

“ये देखो, कमल. एवढा गळ. एवढा दोरा. गळाच्या डोळ्यापासून, ह्या भोकापासून, मागं जायचं, शेपटाला चार केस बांधायचे, लोकर गुंडाळत परत यायचं, मग मानेजवळ हे पीस गोल गोल फिरवायचं. डोळा बुजला तर माशी बाद. समजलं?”

“समजलं,” अक्का म्हणाली.

“पहली बार में किसी को समजत नाही.”

अक्कानं गळ हातात घेतला आणि माशी बांधली. मेरीबाईनं चष्मा वर केला, माशी उजेडात धरली, उलटसुलट फिरवून पाहिली. मग मायकडं वळून म्हणाली, “बाई, तुमच्या घरात मशीन आहे आणि तुम्ही तिला झेंडू ओवायला लावलं.”

मायचं लक्ष पिसांवर होतं. “हे कायचे पखं हायेत?”

“मुर्गे के.”

माय उठून उभी राहिली. त्या दिवशी जे भांडण झालं ते मी लिहीत नाही. शेवटी बाबांच्या शब्दावर असं ठरलं की पिसं घरात यायची नाहीत. काम गोठ्यात. काम झालं की अक्कानं डोक्यावरून पाणी घेऊनच घरात पाय ठेवायचा. आणि बांधून झालेला माल जाण्याआधी त्याच्या पुडक्यावर गोमूत्र शिंपडायचं. माय स्वतः त्याला हात लावणार नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा चौथीत होते. गाय तिथंच होती, गोमूत्राला काही तोटा नव्हता.

पुढची तीन वर्षं अक्का माणसात आली, असं मी म्हणेन. पाटाला मेरीबाईनं एक लोखंडी पकड बसवून दिली होती, तिच्या जबड्यात गळ धरायचा. सकाळची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर तेलाची धार, एवढं खाऊन ती बसली की दुपारपर्यंत उठत नसे. थंड डोंगरी ओढ्यातल्या माशासाठी वेगळ्या माश्या, तिकडच्या तळ्यातल्या तळहाताएवढ्या माशांसाठी वेगळ्या. त्यांची इंग्रजी नावं आम्हाला येत नव्हती. आम्ही आमची ठेवली. झिपरी, मिशीवाली, सोनपिवळी, काळी म्हातारी आणि पाचवीला नुसतंच ‘भवानी’, कारण ती बांधताना अक्का सगळ्यात जास्त चिडायची. मेरीबाईनं एकदा सांगितलं की तिकडचे लोक मासा धरतात आणि पुष्कळदा परत पाण्यात सोडून देतात. बाबा भाकर खाता खाता थांबले.

“सोडून देतेत? मंग धरतेत कायले?”

“शौक आहे, भाऊ.”

“उपाशी माणूस दिसत नाई त्याईच्या गावात एकई,” बाबा म्हणाले, आणि अक्का इतकी हसली की तिनं दातात धरलेलं पीस उडालं. तिला हसताना मी जास्त पाहिलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

परवा माझ्या नातीनं मोबाइलवर एक गोरा माणूस दाखवला. दाढीवाला, पोट सुटलेला. टेबलाला पकड लावून तो माशी बांधत होता आणि बोलत होता, मध्येच स्वतःशी हसत होता. पकड थेट तशीच. एका माशीला त्यानं चहा थंड होईल इतका वेळ लावला, आणि झाली तेव्हा मान ढिली होती. नात म्हणाली, “आजी, छंद आहे त्याचा.” असेल. मी म्हटलं, बंद कर ते.

माझी शाळा चौथीनंतर संपली. पाचवीला गावात जावं लागे आणि अक्काला पिसं निवडून द्यायला कोणी तरी पाहिजे होतं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी खूष होते, कारण दिवसभर अक्का माझ्या वाट्याला यायची. माय कामाची बाई, तिच्या हातात माझ्यासाठी फक्त फणी आणि चापट. अक्का मला गोष्टी सांगायची, माझ्या डोक्यात पिसं खोचायची, माझी नक्कल करायची. रात्री मी तिच्याच वाकळीत झोपायची. मला दुसरं कोणी नव्हतं, आणि मी अशी पोर होते की जे माझं आहे ते कोणी घेऊ नये.

तिसऱ्या वर्षी शेठनं अमरावतीला शेड टाकायचं ठरवलं. वीस बायका एका ठिकाणी बसून माश्या बांधतील. त्यांना शिकवायला एक बाई पाहिजे. मेरीबाईनं अक्काचं नाव सांगितलं. राहायला मेरीबाईच्याच घरातली खोली, पगार दरमहा, आणि हाताखाली वीस जणी. शेठ म्हणाला, आधी पन्नास माश्यांची एक पेटी करून दाखवा, पाच जातींच्या दहा-दहा. परदेशातलं गिऱ्हाईक ती पाहील. पास झाली तर पोरगी अमरावतीला.

त्याच महिन्यात अकोटहून स्थळ आलं होतं. बिजवर, बायको मेलेली, तीन लेकरं, जिनिंगमध्ये कापूस मोजायच्या काट्यावर नोकरी. अक्काच्या पायाचं त्याला चालत होतं, कारण त्याला बायको नको होती, लेकरांना सांभाळणारी पाहिजे होती. हे त्यानंच मध्यस्थाकडून स्पष्ट कळवलं होतं. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी ओट्यावर बसून अक्काला समोर घेतलं.

“हे पाह्य कमल. पेटी पास झाली तर अमरावती. मी कोनाचं ऐकनार नाई, तुह्या मायचंई नाई. पन नाई झाली, तर मंग अकोट. मंग तू माह्यासंगं तोंड चालवाचं नाई.”

“नाई चालवत,” अक्का म्हणाली.

त्या पन्नास माश्यांना तिनं महिना लावला. तीनशे बांधल्या असतील, त्यातल्या पन्नास ठेवल्या. एकेक भिंगातून पाहायची. नखानं पीस मागं दाबायची, ते पुन्हा उभं राहतं का पाहायची. बोटांची टोकं गळ टोचून टोचून काळी पडली होती, भाकरीला ठेचा लावून खाताना तिला झोंबायचं, म्हणून ती नुसत्या ताकाशी भाकर खायची. मेरीबाईनं पत्र्याची एक चपटी पेटी दिली होती, झाकण घट्ट बसणारी. अक्कानं त्यात सरकीचा कणही नसलेला पिंजलेला कापूस अंथरला आणि माश्या ओळीनं मांडल्या. मी आयुष्यात सोन्याचे दागिने पाहिले, लग्नाकार्यात पाहिले, पण इतकं नीट मांडलेलं काही पाहिलं नाही.

तेवढ्यात श्रावणाची झड लागली. गोठ्याचं छप्पर गळायला लागलं. पेटी ओली होऊ नये म्हणून अक्कानं ती घरात ठेवायची परवानगी मागितली, अकोल्याला जाईपर्यंत पाच दिवस. मायनं पुष्कळ आढेवेढे घेतले. मग म्हणाली, घरात यायचं असेल तर पुडक्यावरून शिंपडून चालणार नाही. देव्हारा त्याच खोलीत आहे. आतल्या एकेका पिसाला थेंब लागला पाहिजे.

अक्का अंघोळीला जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “आयक. पेटी उघडाची नाई. वरूनच शिंपड. आत लोखंड हाये, जंगते. मायले सांग, शिंपडलं.”

“अन तिनं इचारलं, आत शिंपडलं का, तं?”

“हो म्हन. येवढं खोटं बोलली तं देव काई करत नाई. मी करीन त्याचं.”

ती गेली. मी तांब्या आणि तुळशीची काडी घेऊन पेटीसमोर बसले. माय स्वयंपाकघरातून ओरडली, “झालं काय व?” मी झाकण उघडलं. काडी बुडवली आणि पाच ओळींवरून फिरवली. थेंब पिसांवर गोल होऊन बसले, मग आत उतरले, कापसानं पिऊन घेतले. मी दुसऱ्यांदा फिरवली. मग झाकण दाबून लावलं.

लोखंड जंगतं, गंज धरतं, हे मला माहीत होतं. आमच्याच घरात खुरपी होती, विळे होते, पावसाळ्यात त्यांना तेल कोण लावायचं? मीच. तेव्हा मी अजाण होते असं कोणी म्हणू नये. मायची भीती होती, हे खरं आहे. माळेची शपथ घालून ती विचारेल आणि मी खोटं बोलले तर नरकात जाईन, ही भीती होती. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते. पण एकदा फिरवल्यावर भीती फिटली होती. दुसऱ्यांदा काडी कशाला फिरवली, याचं उत्तर भीती नाही. अक्का अमरावतीला गेली असती आणि मी त्या गोठ्यात एकटी राहिले असते, हे मला महिनाभर दिसत होतं. अकोटचं स्थळ मात्र मला तेव्हा दिसत नव्हतं, किंवा मी बघितलं नाही.

अक्का केस पुशीत आली. “वरूनच ना?”

“हो.”

तिनं पेटीला पांढरा कपडा गुंडाळला आणि चारही बाजूंनी सुईनं शिवून टाकला, कोणी पुन्हा उघडू नये म्हणून.

अकोल्याला आम्ही तिघं गेलो. पेटी माझ्या मांडीवर होती. शेठच्या गोदामात मेरीबाईनं आमच्यासाठी पेढे आणून ठेवले होते. शेठ जाडा, हसतमुख, बोटात अंगठ्या. त्यानं कैचीनं शिवण कापली, झाकण उघडलं आणि चेहरा मागं घेतला.

“ये बदबू कसली आहे?”

मेरीबाईनं पेटी ओढून घेतली. सोनपिवळीच्या पिसांना खालून तपकिरी डाग चढले होते. कापूस तांबडा. तिनं एक माशी उचलली तर गळाला कापूस चिकटून वर आला. बोटानं चोळलं, बोट तांबडं. दुसरी. तिसरी. ती एकेक पाहत गेली, जणू पन्नासातली एक तरी चांगली निघेल. निघाली नाही.

“कमल, हे काय झालं?”

अक्काच्या आधी बाबाच हात जोडून म्हणाले, “गोमूत्र हाये साहेब. पवित्र असते. आमच्यात शिंपडतेत.”

शेठ आधी समजला नाही. समजल्यावर हसला. चांगला पोट धरून हसला, गोदामातल्या माणसांना बोलावून सांगितलं, तेही हसले. “अरे बाबा, विलायतेच्या साहेबाला तू गाईचा मूत पाठवतो?”

“शेठ, पंधरा दिवस द्या,” मेरीबाई म्हणाली. “माझ्यासमोर बांधून घेते. अशी कारागीर मिळणार नाही.”

“माल परवा बंबईला चालला, मेरीबाई. आणि ज्या घरात हे होतं त्या घरातली मास्तरीण मी ठेवू? उद्या वीस बायका शेडमध्ये मूत शिंपडतील.” मग अक्काकडं पाहून तो जरा सौम्य झाला. “बेटी, हात तुझा चांगला आहे. नशीब नाही.”

पेढ्यांना कोणी हात लावला नाही. बाहेर आलो तर ऊन पडलं होतं. बाबा थोडा वेळ रस्त्यात उभे राहिले, टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, “आलोच हाओत अकोल्यापरेंत, तं अकोटची गाडी पकडू. परत येनं-जानं कायले?”

शब्द दिला होता म्हणून अक्का बोलली नाही. गाडीत ती माझ्या शेजारी बसली. गाडी सुटल्यावर खिडकीबाहेर पाहतच तिनं विचारलं, “आत शिंपडलं?”

“मायनं सांगतलं होतं.”

“मी काय सांगतलं होतं?”

ती उठली, सीटच्या दांड्यांना धरत धरत गेली आणि बाबांच्या पलीकडं जाऊन बसली. अकोटपर्यंत मला तिची फक्त वेणी दिसत होती.

अकोटच्या माणसानं तिला विहिरीपर्यंत चालून परत यायला सांगितलं. तिच्या पायाकडं त्यानं बैल पाहावा तसं पाहिलं आणि म्हणाला, “पानी भरता येईन.” मग चहा झाला. तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्याच मुहूर्तावर अक्काचं लागलं. मेरीबाई त्याआधी एकदा आली, पकड आणि उरलेली पिसं घेऊन गेली. ओट्यावर बसली नाही. जाताना अक्काच्या डोक्यावर तिनं हात ठेवला, आणि ती गेल्यावर मायनं ती उभी होती तिथंही शिंपडलं. मायला मरेपर्यंत काही वाटलं नाही. कोणी विषय काढला की म्हणायची, “गोमूत्रानं कई काई बिघडते काय? त्या लोखंडातच खोट असन.” मी तिला उलटून कधी बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार होते?

अक्कानं तिन्ही लेकरं मोठी केली. तिला स्वतःचं झालं नाही. नवरा मारत नव्हता, बोलतही नव्हता. पाणी भरून भरून चांगला पायही पुढं अधू झाला. तिच्या हातात पुन्हा बारीक दोरा मी पाहिला नाही. फाटलेलं शिवायचं असलं तरी शेजारणीकडं द्यायची. माझं लग्न बार्शीटाकळीला झालं, मुलं झाली, सुना आल्या. दर दिवाळीला मी अकोटला जायची. एकदा, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, भाजी निवडता निवडता मी विचारलं, “अक्का, तुह्या मनात अजून राग हाये काय?”

“राग कायचा. राग किती वर्ष पुरते?”

“मंग मले माफ केलं म्हन.”

ती मेथीच्या काड्या मोडत राहिली. “लोकं सांगतेत, लहान होती, जाऊ दे. लहान होती, पन तुले समजत होतं.”

“हो. समजत होतं.” मग मी जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. “मले तू जाऊ द्याची नव्हती.”

“हे मले गाडीतच मालूम झालं होतं,” अक्का म्हणाली. “नाई केलं माफ. खोटं कायले बोलू तुह्यासंगं?” आणि निवडलेली भाजी घेऊन ती आत गेली.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. मी जातच राहिले. जेवल्याशिवाय तिनं मला कधी पाठवलं नाही. पण संध्याकाळची गाडी असो की दुपारची, मी निघाले म्हटलं की ती उठून माझी पिशवी आणून द्यायची. एकदाही ‘थांब’ म्हणाली नाही.